'पोकेमॉन टेबलटॉप युनायटेड': शेवटचा उभा राहीपर्यंतच लढायचे का?

'पोकेमॉन टेबलटॉप युनायटेड' हे टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत आणि फासे टाकत खेळायच्या पोकेमॉन खेळाचे, चाहत्यांनी लिहिलेले, विनामूल्य मिळणारे आणि पोकेमॉनच्या मूळ कंपन्यांशी कोणताही अधिकृत संबंध नसलेले नियमपुस्तक आहे. 'पोकेमॉन टेबलटॉप ॲडव्हेंचर्स' या आधीच्या नियमसंचातून ते पुढे आले. प्रत्येक खेळाडू एक ट्रेनर, म्हणजे पोकेमॉन बाळगणारे व लढवणारे पात्र, तयार करतो, आपल्या पोकेमॉनची माहितीपाने भरतो आणि खेळ चालवणारा गेम मास्टर मांडेल त्या जगात उतरतो. जळगाव-भुसावळ भागातला आमचा गट हे पुस्तक नियमितपणे वापरतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांकडे झुकला की खान्देशात दुपारी घराबाहेर पडणे होत नाही आणि टेबलाभोवतीचे खेळ संध्याकाळपर्यंत चालतात. पुस्तकाच्या सगळ्या अंगांचा आढावा येथे घेतलेला नाही. नेहमीच्या लढतीपेक्षा वेगळ्या धर्तीच्या लढती रचायच्या असतील, तर हे पुस्तक त्या कामी किती येते, एवढाच प्रश्न मी तपासला आहे.

त्यासाठी आधी एका हल्ल्याचा हिशेब पाहावा लागतो. हल्ला करणारा वीस पैलूंचा फासा टाकतो. मूव्हचा, म्हणजे पोकेमॉनच्या डावाचा, ठरलेला आकडा आणि समोरच्याची चुकवण्याची क्षमता मिळून जे लक्ष्य होते, ते गाठले तर हल्ला लागतो. मग नुकसान ठरते. नुकसानाची पातळी सहा असलेल्या मूव्हला दोन सहापैलू फासे अधिक आठ. मूव्हचा टाइप (पाणी, आग, वीज असा प्रकार) आणि पोकेमॉनचा टाइप एकच असेल तर पातळी दोनने वाढून आठ होते आणि दोन आठपैलू फासे अधिक दहा मोजावे लागतात. त्यात आक्रमणाचा आकडा मिळवायचा, समोरच्याचा बचाव वजा करायचा आणि शेवटी टाइपच्या सरस-निरसपणानुसार दीडपट किंवा निम्मे करायचे. हे गणित अवघड नाही. मात्र चार खेळाडू असतील आणि प्रत्येकाचा ट्रेनर व एक पोकेमॉन मैदानात असेल, तर एका फेरीत आपल्याच बाजूच्या आठ पाळ्या होतात, आणि गेम मास्टरच्या बाजूने तेवढेच उभे राहिले तर सोळा. लढत जर एक बाजू पूर्ण बेशुद्ध होईपर्यंत चालवायची असेल, तर संपूर्ण बैठक एकाच लढतीत जाते, आणि तिचा निकाल बहुधा मध्यावरच सर्वांना कळलेला असतो.

म्हणून माझे या विषयातले ठाम मत असे आहे की, पर्यायी लढत म्हणजे मैदानात आणखी पोकेमॉन आणणे नव्हे. लढत कशाने संपते, खेळाडूला काय ठाऊक असते आणि कोण रिकामा बसून राहतो, या तीन गोष्टींपैकी एखादी बदलली तरच लढतीचा प्रकार खऱ्या अर्थाने बदलतो. व्हिडिओ गेमच्या इतिहासात दोन्ही तऱ्हेचे प्रयोग सापडतात. 2002 च्या रूबी आणि सफायर या खेळांत दोनास दोन लढत आली आणि आज अधिकृत व्हिडिओ गेम स्पर्धा त्याच प्रकारात होतात. 2010 च्या ब्लॅक आणि व्हाइटमध्ये तिनास तीन लढत आली, आणि तिच्याच जोडीला फिरती लढतही आली. तिनास तीन लढत संगणकावर शोभते, कारण तिथे आकडेमोड यंत्र करते. टेबलावर ती आकडेमोड माणसांनाच करावी लागते आणि फेरीचा वेळ सरळ तिप्पट होतो. शिवाय तिथल्या लढतीची जी खासियत, म्हणजे मधला सर्वांपर्यंत पोहोचतो आणि कडेचा समोरच्या दूरच्या कडेपर्यंत पोहोचत नाही, ती या पुस्तकात आयतीच मिळते, कारण येथे मुळातच एक मीटरच्या चौकटींवर अंतर मोजून लढायचे असते.

फिरत्या लढतीचे मात्र टेबलावर सोने होते. तिघे मैदानात असतात, पण एका वेळी एकच पुढे असतो. खेळाडू फेरीच्या सुरुवातीला कोणाला पुढे आणायचे ते ठरवतो आणि कृती एकाचीच होते. निवड तिघांमधली आणि मोजणी एकाची. आम्ही कोणता पोकेमॉन पुढे येणार हे चिठ्ठीवर लिहून पालथे ठेवतो आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडतो, त्यामुळे पाण्याच्या टाइपसमोर विजेचा येईल की समोरचा तेच ताडून मातीचा आणेल, हा अंदाज बांधण्यातच खरी लढाई होते. पुस्तकात पोकेमॉन बदलण्यासाठी ट्रेनरची मुख्य कृती खर्च होते; फिरत्या लढतीपुरती ती अट उठवावी लागते, एवढाच काय तो फेरफार.

माहितीच्या बाबतीत या पुस्तकाने एक गोष्ट फार विचारपूर्वक केली आहे आणि तिचे कौतुक व्हायला हवे. ट्रेनर स्वतः मार खात नाहीत अशा लीग लढतीत आणि ट्रेनरही मैदानात उतरतात अशा खुल्या लढतीत पुस्तक पाळ्यांचा क्रम वेगळा ठेवते. खुल्या लढतीत सरळ वेगवान आधी, संथ नंतर. लीग लढतीत आधी सगळे ट्रेनर, मग पोकेमॉन; आणि ट्रेनरांनी आपली कृती जाहीर करायची ती सर्वांत संथ असलेल्यापासून, प्रत्यक्षात ती घडायची मात्र सर्वांत वेगवान असलेल्यापासून. म्हणजे चपळ ट्रेनरला दुसऱ्याचा बेत ऐकून मग बोलता येते आणि कृतीही आधी करता येते. चपळाई म्हणजे नुसते पहिले असणे नव्हे, तर समोरच्याच्या बेताची माहिती हाती असणे, हा विचार या एका नियमात आहे. नव्या प्रकाराची लढत रचताना मी हा क्रम शक्यतो मोडत नाही.

2004 च्या एमराल्ड या खेळातील बॅटल फ्रंटिअर, म्हणजे वेगवेगळ्या नियमांनी लढायच्या ठिकाणांचा समूह, हा पर्यायी लढतींचा सर्वांत समृद्ध साठा आहे, आणि टेबलासाठी त्यातला अरेना हा प्रकार मला सर्वोत्तम वाटतो. एकास एक लढत तीन फेऱ्यांचीच असते. तोवर कोणी पडला नाही तर पंच तीन कसोट्यांवर निकाल देतो. मनाच्या कसोटीत कोणी किती आक्रमक मूव्ह निवडल्या ते पाहतात, कौशल्याच्या कसोटीत मूव्ह किती परिणामकारक ठरल्या ते, आणि शरीराच्या कसोटीत कोणाची किती ताकद शिल्लक राहिली ते. प्रत्येक कसोटीत सरस ठरणाऱ्याला दोन गुण, बरोबरी झाल्यास दोघांना एकेक. एकूण गुणही सारखे झाले तर दोघेही बाद.

हा प्रकार या पुस्तकात आणला की मूव्हच्या वारंवारितेचे सगळे मोल बदलते. पुस्तकात काही मूव्ह हव्या तेव्हा वापरता येतात, काही एक पाळी सोडून, काही एका प्रसंगात ठरावीक वेळा आणि काही दिवसातून एकदाच. लांब लढतीत एक पाळी सोडून वापरायची मूव्ह म्हणजे निम्म्या वेळची मूव्ह. तीन फेऱ्यांत मात्र ती पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत वापरता येते, म्हणजे तीनपैकी दोनदा; त्यामुळे अशा मूव्हची जोडी बाळगणारा पोकेमॉन येथे अचानक जड होतो. बचावाने वेळ काढणारा पोकेमॉन मनाच्या कसोटीत मागे पडतो, विष देऊन हळूहळू झिजवणाऱ्याला तर वेळच पुरत नाही. दिवसातून एकदाच्या मूव्हवर बंधन घालणे मात्र आवश्यक ठरते, नाहीतर प्रत्येक जण तीच पहिल्या फेरीत काढतो. त्या दिवशी आणखी लढती असतील असे आधीच जाहीर करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. आणि जे खेळाडू त्या वेळी लढत नसतात, त्यांना पंच करता येते. मनाच्या कसोटीचे गुण आमच्याकडे तेच देतात, कारण सांगून देतात, आणि त्या कारणांवर होणारी चर्चा लढतीइतकीच रंगते.

फ्रंटिअरमधलाच फॅक्टरी हा प्रकार, ज्यात स्वतःचे पोकेमॉन बाजूला ठेवून उसने घेतलेले वापरायचे असतात, नवख्यांसाठी फार उपयोगी आहे, पण त्याची किंमत गेम मास्टर मोजतो. या पुस्तकात पोकेमॉन उभा करायचा म्हणजे लेव्हलमध्ये दहा मिळवून तेवढे गुण वाटायचे आणि ते वाटताना मूळ आकड्यांचा उतरता क्रम बिघडू द्यायचा नाही. एकाचे पान भरायला वेळ लागत नाही. सगळ्यांना निवड करता येईल एवढा मोठा साठा तयार करायला मात्र वेळ लागतो. लेव्हल पंधरा-वीसच्या घरात ठेवल्यास हे काम आवाक्यात राहते.

फ्रंटिअरमधल्याच पॅलेसमध्ये पोकेमॉन ट्रेनरचे ऐकत नाही, स्वतःच्या स्वभावानुसार हल्ला, बचाव किंवा साहाय्य यांतले काहीतरी निवडतो. पुस्तकात प्रत्येक पोकेमॉनला स्वभाव आहेच, पण त्याचा उपयोग मुख्यतः आकडे वर-खाली करण्यापुरता होतो. त्या स्वभावाला लढतीत आवाज द्यायचा असेल तर सहापैलू फाशाचा एक लहानसा तक्ता पुरतो: उतावळ्या स्वभावाला एक ते चार हल्ला, भित्र्याला एक ते चार बचाव, आणि असेच पुढे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पोकेमॉनची सूत्रे शेजारच्या खेळाडूच्या हाती देणे. आपलाच पोकेमॉन दुसऱ्याच्या तोंडून बोलू लागला की खेळाडूला त्याच्याकडे नव्याने पाहावे लागते. रोलप्लेइंगसाठी यापेक्षा सरळ साधन मला माहीत नाही. टाइपचा तक्ता उलटा करणारी 2013 च्या एक्स आणि वाय मधली उलटी लढत मात्र एखाद्या वेळची गंमत म्हणूनच ठीक. तिच्यात नवे निर्णय घ्यावे लागत नाहीत, फक्त तक्ता पुन्हा पुन्हा पाहावा लागतो.

टेबलावरचा सर्वांत मोठा दोष म्हणजे बाद होऊन बसणे. संगणकावर हरलेला खेळाडू बटण दाबून दुसरी लढत सुरू करतो. टेबलावर तो तासभर इतरांचे फासे पाहत बसतो. 2016 च्या सन आणि मूनमधली चौघांची बॅटल रॉयल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. चार ट्रेनर एकमेकांविरुद्ध लढतात, आणि त्यांतल्या कोणा एकाचे सगळे पोकेमॉन पडले की त्याच क्षणी लढत संपते. मग कोणी किती पाडले आणि कोणाचे किती उरले यावरून क्रमांक लागतात. कोणीच रिकामा बसत नाही, कारण पहिला बाद होणे हाच शेवट असतो. शिवाय दुबळ्यावर सर्वांनी तुटून पडण्याचा मोहही आवरतो, कारण आपल्या खात्यात पुरेसे पाडलेले पोकेमॉन नसताना लढत संपवणे परवडत नाही. हा नियम आम्ही एका अक्षराचाही बदल न करता वापरतो.

चौघांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी लढायचा रेड हा प्रकार 2019 च्या स्वोर्ड आणि शील्डने रूढ केला. तिथे आपल्या बाजूचे चार वेळा बेशुद्ध झाले किंवा दहा फेऱ्या उलटल्या की मोहीम फसते. टेबलावर तो जसाच्या तसा आणला तर आठ पाळ्यांसमोर एक पाळी असे चित्र होते, आणि कितीही एचपी (मार सोसण्याची ताकद) दिले तरी तो बलाढ्य पोकेमॉन केवळ मार खात उभा राहतो. त्याला प्रत्येक खेळाडूनंतर एक छोटी पाळी द्यावी. येथे पुस्तकातला जखमांचा नियम अनपेक्षितपणे कामी येतो: एचपी निम्म्यावर आली, शून्यावर आली की प्रत्येक वेळी एक जखम होते, एकाच फटक्यात निम्मी एचपी गेली तरीही होते, आणि प्रत्येक जखमेने कमाल एचपीचा दहावा भाग कमी होतो. लढतीचे टप्पे पाडायला नव्या खुणा शोधण्याची गरज राहत नाही. प्रत्येक जखमेला बलाढ्य पोकेमॉनचे वागणे बदलले की लढतीला नाटकासारखे अंक आपोआप पडतात.

रानटी पोकेमॉन पकडण्याची लढत हा तर पुस्तकात आधीपासूनच असलेला पर्यायी प्रकार आहे, कारण समोरच्याला पूर्ण पाडले तर तो हाती लागत नाही. पकडण्याचा दर शंभरापासून सुरू होतो आणि त्यातून लेव्हलची दुप्पट वजा होते. अजून एकदा उत्क्रांत व्हायचा असलेला, लेव्हल 20 चा पोकेमॉन धडधाकट असेल तर आणखी तीस वजा होऊन दर 30 उरतो. त्याची एचपी पाव भागावर आणली तर उलट पंधरा मिळून तो 75 होतो. शंभरी फाशावर आलेल्या आकड्यातून ट्रेनरची लेव्हल वजा करून या दराच्या आत यायचे असते. त्यामुळे प्रत्येक हल्ल्याआधी 'हा जास्त तर होणार नाही ना' हा विचार करावा लागतो, आणि हल्ला सौम्य करणे हेही कौशल्य ठरते.

याच विचारातून आम्ही आमच्या भागातले प्रसंग रचले. रावेर-यावलच्या केळीबागेत सातपुड्यातून उतरलेला पोकेमॉनचा कळप शिरला आहे, असा एक प्रसंग आहे. चौकटीच्या नकाशावर केळीच्या ओळी आखायच्या. कळप बागेबाहेर गेला की लढत संपते, आणि उभ्या राहिलेल्या झाडांवरून निकाल ठरतो. मोठ्या परिसरावर पसरणारे आगीचे किंवा विजेचे हल्ले, जे एरवी सर्वांना हवेहवेसे असतात, येथे शेतकऱ्याचेच नुकसान करतात. ढकलणारे, घाबरवणारे, झोपवणारे मूव्ह, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, ते पुढे येतात. या भागात केळी म्हणजे काय हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असल्यामुळे, एक झाड पडले तरी खेळाडू हळहळतात; ही गुंतवणूक परक्या जंगलातल्या लढतीत येत नाही.

यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीवरून रचलेला प्रकार मला या सर्वांत अधिक प्रिय आहे. आखाड्याची हद्द आखायची आणि हद्दीबाहेर ढकलला गेलेला हरला असे मानायचे. पुस्तकात ढकलण्याचा डावपेच आहे: दोघांनी बळाची कसोटी घ्यायची, जिंकणारा समोरच्याला एक मीटर मागे रेटतो आणि चाल शिल्लक असेल तर त्याच्या मागोमाग जाऊन पुन्हा रेटू शकतो, मात्र आपल्या उचलण्याच्या क्षमतेपेक्षा जड असलेल्याला ढकलता येत नाही. म्हणजे एचपीला गौण स्थान मिळते, वजन आणि बळ यांना मोल येते, आणि नेहमीच्या लढतीत संथपणामुळे मागे पडणारे अवजड पोकेमॉन आखाड्यात राजासारखे उभे राहतात. यात एकच धोका असतो: अतिशय जड पोकेमॉनला कोणीच हलवू शकत नाही आणि लढत एकतर्फी होते. त्यावर दंगलीतच उत्तर आहे. तिथे जाणकार वस्ताद दोन्ही मल्ल पाहून जोड लावतात, वाटेल त्याला वाटेल त्याच्यासमोर उतरवत नाहीत. आमच्याकडे गेम मास्टर वजनाचा वर्ग पाहून जोड लावतो, खेळाडूला ती एकदा नाकारण्याची मुभा असते, आणि ठरलेल्या फेऱ्यांत कोणी बाहेर गेला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारावरून सुचलेली शर्यत अजून घडते आहे. पुस्तकातील जमिनीवरच्या, पाण्यातल्या आणि हवेतल्या चालींचे वेगवेगळे आकडे तिला पुरेसे आहेत, पण प्रत्येक पाळीला धावायचे की दुसऱ्याला अडवायचे हा पेच तिच्यात अजून हवा तितका बसलेला नाही.

पुस्तकाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ते इंग्रजीत आहे आणि जाडजूड आहे. ट्रेनरचे वर्ग, त्यांची कौशल्ये आणि वैशिष्ट्ये यांची यादी इतकी लांब आहे की नवा खेळाडू पहिल्याच बैठकीत गोंधळतो. यांतली बरीच वैशिष्ट्ये नेहमीची लढत गृहीत धरून लिहिलेली आहेत, त्यामुळे लढतीचा प्रकार बदलला की काही निरुपयोगी ठरतात आणि काही अवाजवी बलवान होतात. गेम मास्टरने आपल्या खेळाडूंची पाने आधी वाचून ठेवणे याला पर्याय नाही. कॉन्टेस्टसाठी पुस्तकात स्वतंत्र नियम आहेत आणि ज्यांना लढतीविना स्पर्धा हवी त्यांनी ते जरूर पाहावेत. वीस पैलूंचे फासे आमच्या बाजारपेठेत सहज मिळत नाहीत, मागवावे लागतात. तोवर मोबाइलवरचे फासे चालतात. संपूर्ण पुस्तक छापून घेण्याची गरज नाही. लढतीचे प्रकरण, नुकसानाचा तक्ता आणि टाइपचा तक्ता एवढी पाने झेरॉक्स करून टेबलावर प्रत्येकासमोर ठेवावीत, पोकेडेक्सचा, म्हणजे सगळ्या पोकेमॉनच्या माहितीचा, स्वतंत्र भाग गेम मास्टरच्या मोबाइलवर राहू द्यावा, आणि नव्या गटाने पहिली बैठक उसन्या पोकेमॉनची, तीन फेऱ्यांच्या अरेनाची ठेवावी.